काफ्रेल चिकनचा थरांचा चीज कॅसरोल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

थरांचा कॅसरोल, म्हणजे डिशमध्ये थर लावून अवनमध्ये भाजलेला पदार्थ, फसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. चीज थोडं कमी पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण चिकनला सुटलेलं पाणी, सिमला मिरचीचं पाणी आणि पातळ राहिलेला व्हाइट सॉस असं सगळं तळाशी जमलं, की वर सोनेरी चीज आणि खाली रस्सा अशी गत होते. वाढताना थर जागेवर राहत नाहीत, ताटात नुसता काला येतो. म्हणून कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अवनमध्ये काहीही शिजवायचं नाही. जे शिजायचं ते गॅसवर शिजवून, कोरडं करून मगच थर लावायचे. अवनने फक्त थर एकमेकांना बांधायचे आणि वरून रंग आणायचा.

परदेशी कृतींमध्ये उकडलेलं चिकन, पास्ता आणि डब्यातलं घट्ट क्रीम सूप असतं. तसं केलेलं आपल्याकडे मुलं दोन घास खातात आणि मोठी माणसं लोणचं शोधतात. गोव्यात राहून इतक्या लांब जायची गरजही नाही. काफ्रेल या गोव्याच्या चिकनच्या पदार्थाचा कोथिंबीर-मिरचीचा हिरवा मसाला चीजखाली फार छान बसतो, कारण त्यात खोबरं नाही आणि विनागरचा (व्हिनेगरचा) आंबटपणा चीजचा जडपणा तोडतो. पास्त्याच्या जागी कालची पोई, म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला पोकळ पाव, घ्यायची. सॉस पिऊन ती मऊ होते, पण विरघळत नाही.

शागुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातला गोव्याचा रस्सा) उरली आहे, तीच थरात घालू का, असं बरेच जण विचारतात. घालू नका. भाजलेल्या खोबऱ्याचं तेल आणि चीजचं तूप एकत्र आलं की डिशवर तवंग येतो, आणि शागुतीची चवही मरते. ती भाकरीबरोबर किंवा पावाबरोबर खाल्लेलीच बरी.

बेत कधी आणि किती जणांचा

हे माप सहा जणांचं आहे. आपल्याकडच्या घरांत आधी वार बघावा लागतो. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, मध्येच संकष्टी, आणि श्रावणात तर नावच काढायला नको. सगळे खाणारे एकत्र सापडतात ते रविवारी किंवा बुधवारी. घरात कुणी न खाणारं असेल तर त्यांच्यासाठी लहान वाटीत बटाटा, मश्रूम आणि पोई यांचा वेगळा कॅसरोल लावा. आधी तो लावून बाजूला ठेवा आणि मग चिकनला हात लावा, म्हणजे चमचे आणि हात यांची सरमिसळ होत नाही.

वेळेचा हिशोब असा: सकाळी चिकनला मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवायचा. संध्याकाळी साधारण दीड तास गॅसपाशी जातो, त्यानंतर अर्धा तास अवन आणि पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं. साडेआठला जेवायचं असेल तर सव्वासहाला ओट्यापाशी हवं.

काय काय आणायचं

चिकन: मांडीचं बोनलेस 600 ग्रॅम. चिकन सेंटरवाल्याला स्पष्ट ‘मांडीचं’ असं सांगा, नाहीतर तो छातीचं कापून देतो. छातीचं मांस गॅसवर शिजून पुन्हा अवनमध्ये गेलं की तंतू तंतू होऊन कोरडं पडतं, मांडीचं मात्र दोनदा तापूनही रसदार राहतं. बोनलेस महाग वाटत असेल तर सोललेली एक किलोची अख्खी कोंबडी घेऊन घरी हाडं काढली तरी जवळपास तेवढंच मांस निघतं आणि हाडांचा सूप होतो. गावठी कोंबडी या कामाची नाही. ती शिजायला वेळ घेते, आणि तिची खरी चव रश्श्यातच उतरते.

मसाल्यासाठी: कोथिंबिरीची एक मोठी जुडी, हिरव्या मिरच्या 4-5, आल्याचा इंचभर तुकडा, लसणाच्या 8-10 पाकळ्या, काळी मिरी 10, लवंगा 4, दालचिनीचा इंचभर तुकडा, जिरं 1 छोटा चमचा, माडाचं विनागर 2 मोठे चमचे, साखर 1 छोटा चमचा, मीठ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे विनागर बाटल्यांतून मिळतं. नसेल तर साधं पांढरं विनेगर दीड चमचा घ्या, ते जरा जास्त बोचरं असतं.

थरांसाठी: बटाटे अर्धा किलो, आदल्या दिवशीच्या पोया 3, मोठे कांदे 2, सिमला मिरची 1. मश्रूम हवे असतील तर बटण मश्रूम 100 ग्रॅम. पावसाळ्यात मिळणारी अळमी (रानातली मश्रूम) मात्र यात घालायचं मनातही आणू नका. एवढ्या भावाची आणि एवढ्या नाजूक चवीची वस्तू चीजखाली गाडायची म्हणजे पापच.

सॉससाठी: दूध 600 मिली, बटर 50 ग्रॅम (शंभरच्या पुड्याचा बरोबर अर्धा), मैदा 50 ग्रॅम म्हणजे सपाट 6 मोठे चमचे, जायफळ, मिरपूड.

चीज: मोझरेला 150 ग्रॅम आणि प्रोसेस्ड चीज 100 ग्रॅम. दोन्ही का, तर मोझरेलाला तार सुटते पण चव फिकी असते. प्रोसेस्ड चीजला खारट चव असते आणि त्यातल्या क्षारांमुळे ते गुळगुळीत वितळतं, पण तार धरत नाही. निम्मं काम एकाचं, निम्मं दुसऱ्याचं. चीज कोल्ड स्टोरेजमधून (फ्रोझन मालाच्या दुकानातून) घेताना पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. त्यात ‘खाद्य वनस्पती तेल’ किंवा ‘ॲनालॉग’ असं काही दिसलं तर ते खरं चीज नव्हे. ते तापल्यावर चिवट पापुद्रा धरतं आणि वर तेल सोडतं. आयतं किसलेलं चीज घेण्यापेक्षा ठोकळा आणून घरी किसा. किसलेल्या चीजचे तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला बहुधा स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते तितकंसं छान वितळत नाही.

भांडं आणि अवन

डिश साधारण 25 × 20 सेंटिमीटरची आणि 6 सेंटिमीटर खोल हवी. काचेची असेल तर थर बाहेरून दिसतात आणि तळाशी पाणी जमतंय का तेही कळतं, म्हणून शिकताना काचेचीच घ्या. मात्र विकत घेण्याआधी ओटीजीची (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या अवनची) आतली रुंदी टेपने मोजा. डिशचे कान धरून माप घ्यायचं असतं, आणि दुकानात ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. काचेच्या डिशला अचानक तापमान बदललेलं सोसत नाही. फ्रिजमधली थंडगार डिश तापलेल्या अवनमध्ये घालायची नाही, आणि अवनमधून काढलेली ओल्या ओट्यावर टेकवायची नाही. खाली लाकडी पाट किंवा कोरडं जाड फडकं ठेवा.

पंचवीस लिटरच्या आसपासचा ओटीजी साधारण 1500 वॉटचा असतो. त्याला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. मिक्सरच्या छोट्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढून तो लावला की अर्ध्या तासात प्लगला जळका वास येऊ लागतो. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनचा हवा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळतं पण त्याला रंग येत नाही.

अवनच नसेल तर? जाड बुडाच्या कढईत तळाला ताटली किंवा स्टँड ठेवून, कढई दहा मिनिटं रिकामी तापवून, त्यावर डिश ठेवा आणि घट्ट झाकण लावून मंद आचेवर 25-30 मिनिटं ठेवा. या पद्धतीला काचेची डिश नको, स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची उथळ भांडी वापरा. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पुन्हा चीजवर टपकतात. वरचा रंग येणार नाही, तो सोडून द्यायचा किंवा तव्यावर खरपूस भाजलेला पावाचा चुरा वरून भुरभुरायचा.

चिकन

मसाल्याचं सगळं साहित्य विनागर घालूनच वाटा, पाणी घालू नका. मिक्सर फिरत नसेल तर विनागर आणखी एक चमचा घाला किंवा चमचाभर तेल घाला. वाटण घट्ट हवं, कारण इथे घातलेलं प्रत्येक चमचाभर पाणी नंतर तुम्हालाच आटवायचं आहे. चिकनचे सुपारीएवढे तुकडे करा. मोठे तुकडे ठेवले तर वाढताना सुरी थरातून सरळ जात नाही, तुकडा ओढला जातो आणि त्याच्यासोबत अख्खा थर येतो. तुकड्यांना वाटण आणि मीठ चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार तास पुरतात. कच्चं चिकन नळाखाली धुताना पाणी उडून आजूबाजूला जातं, तेव्हा शेजारी कापलेली कोशिंबीर वगैरे ठेवू नका. चिकनची पाटी आणि सुरी लगेच साबणाने धुऊन टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

घरातला सगळ्यात पसरट तवा किंवा फ्रायपॅन घ्या. खोलगट कढई नको, त्यात वाफ कोंडते. दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि निम्मंच चिकन घाला, तेही एका थरात, तुकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवून. पहिली दोन मिनिटं ढवळू नका. मग परतायला लागलात की चिकनला पाणी सुटतं आणि पॅनमध्ये हिरवा रस्सा दिसू लागतो. इथे नवखी माणसं आच कमी करून झाकण ठेवतात, कारण आईला तसं करताना पाहिलेलं असतं. रश्श्याच्या कोंबडीला ते बरोबर आहे, इथे नाही. झाकण न ठेवता आच मोठीच राहू द्या.

सात-आठ मिनिटांत मसाल्याचा रंग बदलतो. आधीचा ताजा हिरवा जाऊन तो मळकट, शेवाळी होतो, आणि विनागरचा नाकात जाणारा वास जाऊन भाजलेल्या लसणाचा वास यायला लागतो. आता कालथ्याने पॅनच्या तळाला मधोमध एक रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाणी धावत येऊन ती बुजवत असेल तर अजून वेळ आहे. रेघ तशीच राहिली, तळ कोरडा दिसला आणि कडेला तेलाचे बारीक थेंब चमकायला लागले की झालं. एक तुकडा मधोमध कापून बघा, आत गुलाबी काही दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस हा आकडा लक्षात ठेवा. दुसरी खेप अशीच करा. मसाल्याच्या भांड्याला लागलेलं कच्चं वाटण दुसऱ्या खेपेसोबतच शिजवून टाका, वरून कच्चं घालू नका.

त्याच पॅनमध्ये उभा चिरलेला कांदा कडा तांबूस होईपर्यंत परता, मग सिमला मिरची आणि मश्रूम घाला. मश्रूमलाही भरपूर पाणी सुटतं, तेही आटवायचं. मीठ चिमूटभरच, कारण पुढे बटर आणि चीज दोन्ही खारट आहेत. हे सगळं चिकनमध्ये मिसळून पसरट ताटात गार होऊ द्या. गरम असताना झाकून ठेवलं की झाकणाखाली वाफेचं पाणी जमतं आणि मघाची मेहनत फुकट जाते.

बटाटा आणि पोई

बटाटे सोलून अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात 6-7 मिनिटं शिजवा. सुरीचं टोक आत जावं पण चकती मोडू नये. चाळणीत निथळून स्वच्छ फडक्यावर पसरा. वाफ उडून गेली की चकत्यांचा वरचा भाग खरबरीत, पिठूळ दिसतो, तसा झाला की तयार. कच्चे बटाटे थरात लावून अवनमध्ये शिजतील अशा आशेवर राहू नका. अर्ध्या तासात ते शिजत नाहीत, आणि घरातलं प्रत्येक जण त्यावरून दोन दिवस ऐकवतं.

पोई आदल्या दिवशीची का? सकाळी पदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली ताजी पोई सॉसमध्ये पडली की लगदा होते. कालची जरा कडक झालेली असते, ती सॉस पिऊनही आकार धरते. पोई आतून पोकळ असते, तेव्हा कडेने सुरी फिरवून तिच्या दोन चकत्या करा. बाहेरच्या बाजूला लागलेला सुटा कोंडा झटकून टाका, नाहीतर सॉसमध्ये तो वाळूसारखा दाताखाली येतो. मग कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खडखडीत होईपर्यंत भाजा. पोई मिळाली नाही तर उंडे (कडक कवचाचे गोल पाव) कापून भाजून घ्या. कातरे पावही चालतील, पण ते मऊ असल्यामुळे जरा जास्त भाजावे लागतात. उरलेल्या तुकड्यांचा हाताने जाडसर चुरा करून ठेवा, तो वर लागणार आहे.

व्हाइट सॉस

याची भीती उगाचच घातलेली आहे. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर बटर वितळवा, मैदा घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. मैद्याचा कच्चा वास गेला पाहिजे पण रंग पांढराच राहिला पाहिजे. भांडं गॅसवरून उतरवा आणि थंड दूध वाटीभर घालून व्हिस्कने, नसेल तर रवीने, जोरात फेटा. आधी ते घट्ट गोळ्यासारखं होतं आणि वाटतं की बिघडलं. बिघडलेलं नसतं. आणखी दूध घाला, पुन्हा फेटा. सगळं दूध गेलं की परत गॅसवर ठेवून मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. उकळी फुटेपर्यंत सॉस घट्ट होत नाही, आणि एकदा फुटली की मिनिटभरात होतो. म्हणून त्या मिनिटाला फोन उचलू नका.

कितपत घट्ट? आंबलेल्या इडलीच्या पिठाइतका. चमच्याच्या मागच्या बाजूला सॉस लागला की बोटाने रेघ ओढा, ती जागच्या जागी राहिली पाहिजे. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून गाळून घ्या, कुणाला कळणार नाही. मिरपूड आणि चिमूटभर किसलेलं जायफळ घाला. जायफळ जास्त झालं तर सॉसला श्रीखंडाचा वास येतो, तेव्हा हात आखडता ठेवा. गॅस बंद करा आणि दोन मिनिटांनी प्रोसेस्ड चीज किसून त्यात ढवळा. उकळत्या सॉसमध्ये चीज घालायचं नाही. जास्त उष्णतेने चीजमधली प्रथिनं आखडतात, तूप बाहेर टाकतात आणि सॉस दाणेदार होतो. आता चाखा. बटर खारट, चीज खारट, त्यामुळे मीठ बहुधा लागणारच नाही.

थर

अवन 190 अंशांवर तापायला लावा आणि डिशला आतून बटर फासा.

तळाला दोन-तीन चमचे सॉस पसरा, म्हणजे बटाटा चिकटत नाही. त्यावर बटाट्याच्या चकत्या, कौलं घालतात तशा एकमेकींवर थोड्या चढवून. बटाटा खाली ठेवायचं कारण आहे. तो घट्ट असतो, त्यामुळे वाढताना कालथ्याला बूड मिळतं. वर निम्मं चिकन, त्यावर एक तृतीयांश सॉस आणि मूठभर मोझरेला. मग पोईच्या चकत्या, गॅप राहील तिथे तुकडे बसवून. त्यावर पुन्हा एक तृतीयांश सॉस, आणि इथे तळहाताने पोई हलकीच दाबा. सॉस कडांनी वर येतो आणि आतली हवा निघून जाते. मग उरलेलं चिकन, उरलेला सॉस आणि शेवटी उरलेली सगळी मोझरेला. वरचा काठ निदान दीड-दोन सेंटिमीटर मोकळा ठेवा, सॉस उकळून वर येतो आणि अवनच्या तळाला सांडून जळला तर तो वास चार दिवस जात नाही.

पावाच्या चुऱ्यात चमचाभर वितळलेलं बटर चोळून तो वरून भुरभुरा. घरात चालत असेल तर चोरीसचे (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) दोन-तीन मणी फोडून, तव्यावर परतून, त्याचं तेल निथळून वर तुरळक घाला. दोन-तीनच, कारण मीठ आणि विनागर दोन्ही त्यात ठासून असतं. मोठा तुकडा भारी पडतो.

लहान मुलं असतील तर मिरचीचं काय, हा प्रश्न येतोच. सगळ्यांसाठी फिकं करण्यापेक्षा मसाला लावायच्या आधी मूठभर चिकन बाजूला काढा, त्याला आलं-लसूण, मिरपूड आणि मीठ लावून वेगळं परता आणि डिशच्या एका कोपऱ्यात ते लावा. त्या कोपऱ्यात वर टूथपिक खोचून ठेवा, नाहीतर वाढताना तो कोपरा नेमका आजोबांच्या ताटात जातो.

अवनमध्ये

डिशवर फॉईल सैल घाला, फॉईल चीजला टेकता कामा नये. मधल्या कप्प्यात, वरची-खालची दोन्ही कांबी (तापणाऱ्या सळया) चालू ठेवून 15 मिनिटं. फॉईल काढून आणखी 10-12 मिनिटं. कडेने बुडबुडे यायला लागतात, ते सावकाश आणि जड फुटायला हवेत. पातळ रस खदखदताना दिसला तर पाणी राहिलं आहे. अशा वेळी फॉईल न घालता तापमान 10 अंशांनी उतरवून आणखी दहा मिनिटं ठेवा. शेवटी डिश वरच्या कप्प्यात नेऊन फक्त वरची कांबी चालू ठेवा, तीन ते पाच मिनिटं, दारापाशी उभं राहून. चीजवर तपकिरी ठिपके उमटले की बंद. सोनेरी आणि काळं यांच्यात इथे मिनिटाचंही अंतर नसतं.

मधोमध गरम झालं का हे बघायला सुरीचं टोक आरपार खोचून दहापर्यंत आकडे मोजा, बाहेर काढून मनगटाला अलगद टेकवा. चटका बसला पाहिजे. कोमट लागलं तर अजून पाच-सात मिनिटं.

थर दुपारीच लावून फ्रिजमध्ये ठेवले असतील तर डिश अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा आणि फॉईलखालचा वेळ 10-15 मिनिटांनी वाढवा.

पावसात मध्येच लाइट गेली तर घाबरू नका आणि अवनचं दार उघडू नका. आतली ऊब बराच वेळ टिकते, आणि आत कच्चं काहीच नाही. अर्ध्या तासात लाइट आली नाही तर धातूच्या भांड्यात काढून वर सांगितलेल्या कढईच्या पद्धतीने गॅसवर गरम करा. रूप जाईल, जेवण मात्र होईल.

वाढताना

बाहेर काढल्यावर निदान पंधरा मिनिटं हात लावू नका. मुलं भोवती घिरट्या घालतील, पाहुणे ‘वास काय सुटलाय’ म्हणतील, तरी नाही. गरम सॉस पातळ असतो, थोडा निवला की घट्ट होऊन थर धरून ठेवतो. मग धारदार सुरीने सहा चौकोन पाडा, पहिला कोपऱ्यातला तुकडा काढा (तो मोडतोच, तो स्वतःच्या ताटात घ्या) आणि बाकीचे पसरट कालथ्याने तळापर्यंत जाऊन उचला.

सोबत जड काही नको. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, तीत दही न घालता थोडं विनागर आणि मीठ, एवढं पुरे. लिंबाच्या फोडी ठेवा. घरात कुणाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल तर थोडा उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी करून ठेवा, वाद वाचतो. उकड्या तांदळाचा उरलेला भात पुढच्या वेळी बटाट्याऐवजी तळाच्या थरात घालूनही बघा. त्याचा दाणा जाड आणि मोकळा असतो, सॉसमध्ये गच्च होत नाही.

उरलं तर गोव्याच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवू नका. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, तिथे ते दोन दिवस चांगलं राहतं. परत गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये चीज रबरासारखं होतं, त्यापेक्षा हवा तेवढाच तुकडा काढून नॉनस्टिक तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. तळाचा बटाटा खरपूस होतो. डब्यात द्यायचा असेल तर हाच तुकडा उंड्यात भरून द्या.